बुट्टीतले रॉड

परवा आमच्या कोपऱ्यावर उसाची एक ट्रॉली येऊन थांबली. तिचा हूक तुटला होता आणि मागची फळी निखळून लोंबत होती. दसरा तोंडावर आला की सांगलीच्या रस्त्यांवर हे ठरलेलंच असतं. वर्षभर गोठ्यामागं गंजत पडलेल्या ट्रॉल्यांची गळीत हंगामाआधी सगळ्यांना एकदम आठवण होते. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक मिस्त्री आला. मागं बांधलेला लहानसा जनरेटर त्यानं उतरवला, खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला एक डबा खाली ठेवला, आणि मी गॅलरीतून बघतच राहिले. तो डबा म्हणजे वेल्डिंगचा सेट होता, पोरांच्या दप्तराएवढा. निळा उजेड पडला, मी सवयीनं मान फिरवली, आणि मग तो वास आला.

दसरा म्हटलं की लोकांना झेंडूचा वास आठवतो. मला जळत्या रॉडचा आठवतो. आणि त्याच्या पाठोपाठ माझी बहीण आठवते. बाकीच्या बहिणी एकमेकींच्या पाटल्यांवर जळतात, पैठण्यांवर जळतात. आम्ही दोघी वेल्डिंगच्या सेटवर जळलो. खरं सांगायचं तर मी जळले. शालनचं मला त्या वेळी काही माहीत नव्हतं.

शालन माझी धाकटी बहीण. आमचं माहेर माणमधलं, दहिवडीच्या अलीकडचं. मेंढरं, बाजरी आणि वाट बघायला लावणारं आभाळ. मला सांगलीत दिली, नाना मिस्त्रींना. मिरज रस्त्याला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मोडलेलं लोखंड जोडणारा माणूस आमच्या माहेरच्या लोकांनी तोवर पाहिला नव्हता, त्यामुळं मी सणाला गेले की माझा रुबाब असायचा. मग शालनचं लग्न झालं साताऱ्याला, जयवंतरावांशी. ते मिलिटरीच्या वर्कशॉपमधून पेन्शनीवर आलेले, वय काही फार नव्हतं. आल्या आल्या त्यांनीही वेल्डिंगचंच दुकान टाकलं. साडू-साडू एकाच धंद्यात, म्हणून आईला केवढा आनंद झाला. मला अजिबात झाला नाही.

त्यातून जयवंतरावांनी जुनी जीप घेतली. शालन तिच्या पुढच्या सीटवर बसून माहेरी यायची. मी एसटीनं, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर पोर घेऊन. परत निघताना ती दर वेळी म्हणायची, "आक्का, चल की जीपनं, दहिवडीपतूर सोडतो तुला." आणि मी दर वेळी म्हणायचे, "नगं बाई, धूळ लागती मला." एसटीत काय गुलाबपाणी शिंपडत होते? पण तिनं बस म्हणावं आणि मी बसावं, हे मला जमणारं नव्हतं. त्या सीटचं फाटलेलं हिरवं कापड मला आजही डोळे मिटून दिसतं.

मी सांगतेय ते वर्ष सत्तरनंतरचं, मोठा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाल्यानंतरचं. माणच्या भागात पाझर तलाव खोदायची कामं जोरात होती. सांगलीचे एक जैन व्यापारी, सगळे त्यांना आण्णा म्हणत, त्यांनी त्यातली बरीच कामं घेतली होती. त्यांच्याकडं बुलडोझर होते, खडकात घुसून दात पाडून घेणारे. तिथं मोडलेलं यंत्र सांगलीला आणायचं म्हणजे हंगाम संपून जायचा. तेव्हा मिस्त्रीनंच यंत्राकडं जायला हवं, वर्कशॉप बरोबर घेऊन. आण्णांनी दोघाही साडूंना सरळ सांगितलं, "ज्याचा सेट जाग्यावर पोचंल आणि ज्याचा जोड टिकंल, दसऱ्यापासनं पावसापतूर सगळं काम त्याचं." आमच्या वर्कशॉपला त्या वर्षी दुसरं मोठं काम नव्हतं. माझ्या लेखी ते काम आमचंच होतं.

आता गंमत बघा. सेट कुठला घ्यायचा हे ठरवायला दोघं साडू बसले ते एकत्रच, आणि ते आमच्या घरात, माझ्या हातचे पोहे खात. माझ्या नवऱ्याला जळता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष. मी दाराआड तांदूळ निवडत सगळं ऐकत होते. गॅसची टाकी आणि कार्बाइडचा ड्रम बैलगाडीतूनही जातो, पण गॅसनं लोखंड नुसतं कापावं. बुलडोझरच्या जाड लोखंडाला तो जोड पुरत नाही. विजेवरचा सेट स्वस्त आणि बिनतक्रार, पण माणच्या त्या माळावर वीज कुठली? नाना म्हणाले, "जितं वीज हाय तितं काय मोडत न्हाई, आन् जितं मोडतं तितं खांबसुदिक न्हाई." मग उरला तो स्वतःचं इंजिन असलेला सेट. आपली वीज आपणच करायची आणि आपणच जाळायची.

तिथं दोघांचे रस्ते फुटले. नानांनी विचारलं, "लोखंड किती जाड हाय?" जयवंतरावांनी विचारलं, "वाट कसली हाय?" मला तेव्हा नानांचाच प्रश्न मर्दाचा वाटला. वाट काय, काढली की निघते.

पुण्याच्या जुन्या बाजारात मिलिटरीच्या लिलावातून सुटलेला माल यायचा. दोघं गेले आणि दोन सेट घेऊन आले. नानांचा दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला डिझेल इंजिनाचा, आमच्या म्हशीहून मोठा. ट्रकमागं बांधून आणताना पुणे-सातारा रस्त्यावरच्या घाटात ट्रकच तापून उभा राहिला, हे नाना लोकांना कौतुकानं सांगायचे. जाडातला जाड रॉड तो लोण्यासारखा वितळवायचा. जयवंतरावांचा सेट पेट्रोलचा, लहान, लोखंडी चौकटीत बसवलेला. त्याला चाकंच नव्हती. बांबू घालून चौघांनी उचलायचा, नाहीतर जीपच्या मागं टाकायचा. बारीक रॉडच चालायचे, एका जोडाला थरावर थर द्यावे लागायचे. मी तो पहिल्यांदा पाहिला आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. शालननं ते पाहिलं. तिनं सेटवरची धूळ पुसली, पदरानंच.

त्या महिन्याभरात मी जितकी सुखात होते तितकी कधीच नव्हते. शेजारणी सेट बघायला यायच्या. मी त्याच्या इंजिनावर हात ठेवून उभी राहायचे. एकीनं विचारलं, "ह्यो चालवायला लय अवघड आसंल न्हवं?" तर मी म्हणाले, "सवयीचं हाय आमच्या." चालवायला मला काय येत होतं, पण रॉड मात्र माझ्या सवयीचे होते. पावसाळ्यात हवा ओली झाली की रॉडचा वरचा लेप ओल धरतो, आणि मग जोडात बारीक भोकं पडतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्याकडं हे फार वाईट झालं होतं, त्यालाही एक कारण होतं, ते पुढं येईलच. तेव्हापासून मी नानांचे रॉड भाकरी झाल्यावर तव्यावर भाजून द्यायचे. वेळ कळायचा तो वासावरून. आधी ओलसर चुन्याचा वास येतो, मग तो जातो, मग नुसतं ऊन लोखंड राहतं.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला झोपू द्यायचं. साताऱ्याला शालननं नव्या सेटची पूजा दणक्यात केली. जयवंतराव आण्णांबरोबर तलावाची जागा बघायला गेले होते, त्यामुळं सगळं तिनं आणि तिच्या सासूनं मिळून केलं. बत्तासे वाटले. गल्लीतल्या बायकांनी सेटला ओवाळलं. हे मला नंतर कळलं, आणि ओवाळल्याचं ऐकूनसुद्धा मी जळले. आमच्या सेटला मी एकटीनंच ओवाळलं होतं.

दसरा झाल्यावर आईला सोनं द्यायला आम्ही दोघी माहेरी गेलो. त्याच वेळी मोठ्या बुलडोझरच्या पात्याचा दांडा तुटल्याचा निरोप आला. तलावाची जागा आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्यापलीकडं. जयवंतराव जीपमध्ये सेट टाकून, ओढ्याच्या वाळूत पोरांकडून ढकलून घेत पोचलेसुद्धा. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमागं आमचं ते धूड बांधून आले आणि ओढ्यात अडकले. चाकं आसापर्यंत वाळूत. बैल जुंपले, चाकांखाली लाकडाच्या मेढी घातल्या, गावातले सगळे बापये ओरडून घेत होते. चाकं असलेला सेट अलीकडं रुतून बसला होता आणि बिनचाकांचा पलीकडं पोचला होता. मी दरडीवर उभी राहून बघत होते आणि माझ्या कानशिलात नुसता जाळ झाला होता.

पण पलीकडं वेगळंच चाललं होतं. जयवंतराव जोड द्यायचे, वरची काळी खपली ठोकून काढायचे, आणि खाली सगळी जाळी. भोकंच भोकं. बुलडोझरनं पातं उचललं की जोड कडकन उकलायचा. एकदा झालं, दोनदा झालं. त्यांना वाटलं इंजिन नीट वीज देत नाही. उघडलं, साफ केलं, बसवलं. रॉड ओले असतील असंही त्यांच्या मनात आलं होतं, पण डबा तर घट्ट बंद होता, माल नवा होता. नानांनी ओढ्यातून आपले रॉड पाठवले. होय, पाठवले, माझ्या नवऱ्यानं स्वतः. पण ते जाड, त्या लहान सेटला पेलेनात, लावले की चिकटून बसायचे.

आण्णा पांढरं धोतर सावरत दगडावर बसले होते. दुपारी ते म्हणाले, "संध्याकाळपतूर बगतो. न्हाईतर पुण्याचा मिस्त्री बोलावतो. तुमी दोगंबी घरला जावा." म्हणजे दोघांचाही हंगाम गेला.

मी पलीकडं गेले ती शालनला जेवायला बोलवायच्या निमित्तानं. वाकून रॉडचा एक तुकडा उचलला. त्याच्या लेपावर फिकट लाल ठिपका होता. डब्यात बघितलं तर प्रत्येकावर होता. कुंकू त्या दिवशी सगळ्यालाच लागलं होतं, जीपला, पान्यांना, जयवंतरावांच्या टोपीलासुद्धा, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मी शालनला बाजूला घेतलं.

"नुसतं कुंकूच लावलंस का गं?"

"न्हाई. परातीत मांडलं समदं. दुधाचं पानी शिंपडलं. नवा माल, देवाला पुड्यात बंद कसा दावायचा?"

"मग?"

"मग भरून ठिवलं डब्यात. झाकन घट्ट लावलं, धूळ जाऊ नये म्हनून."

मला सगळं कळलं. कारण माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी अगदी हेच केलं होतं, पळी-पळीनं. ओल डब्यात कोंडून राहिली होती. भाजले की काम झालं असतं. मी शालनकडं बघितलं, मग ओढ्याकडं बघितलं. नानांनी बैलांची आणखी एक जोडी आणली होती. गाडा वीतभर हलला होता. संध्याकाळपर्यंत तो कदाचित आलाही असता. थोडा वेळ मी गप्प बसले, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ते काम माझं होतं. ती जीपमध्ये बसत होती.

तेवढ्यात आण्णा उठले आणि शालनकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, पूजा तर झाली म्हनं झोकात. आता आरतीबी करा ह्या दांड्याची. चिकटला तर चिकटला." खोदकामावरची माणसं खो खो हसली. जयवंतराव मान खाली घालून इंजिनाचा बोल्ट आवळत राहिले. शालननं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला मी लावला होता तसा नव्हे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या बहिणीवर जळायचा हक्क माझा एकटीचा होता. तो आण्णांना कुणी दिला?

मी डबा काखोटीला मारला. "शालन, चल."

"कुटं?"

"आयच्या चुलीकडं."

आईनं भाकऱ्या आटोपून तवा उतरवून ठेवला होता. जाड, काळा, कडेला एक चीर असलेला तवा. तो मी परत चुलीवर चढवला. आई म्हणाली, "आता आनि कुनाच्या भाकरी?" मी रॉड ओळीनं मांडले. आई बघत राहिली, मग तिनंच जाळ सारखा केला, काटक्या मागं ओढल्या. शालन माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी उलटत होते, ती बघत होती. दुधाचा करपट वास आला, मग चुन्याचा आला, मग तो गेला. कुंकवाचे ठिपके काळे पडले.

"कसं कळतंय गं तुला, झालं म्हनून?" तिनं विचारलं.

"वास घे."

तिनं नाक पुढं केलं. "मला न्हाई कळत."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गार हवा लागू नये म्हणून भाकरीच्या बुट्टीत फडकं घातलं, त्यात ऊन ऊन रॉड ठेवले, वरून फडक्यानं झाकलं. बुट्टी शालनच्या डोक्यावर दिली. खोदकामावरच्या माणसांना वाटलं जेवण आलं. जयवंतरावांनी फडकं उचललं, रॉडला हात लावला, चटका बसला तसा झटक्यात मागं घेतला. डब्याकडं बघितलं, शालनकडं बघितलं, आणि सगळं समजून एवढं मोठ्यानं हसले की ओढ्यातल्या बैलांनी कान टवकारले.

मग बसले ते उठलेच नाहीत. बारीक रॉड, थरावर थर. शालन बुट्टीतून एकेक रॉड काढून देत होती आणि फडकं परत झाकत होती. ऊन उतरलं तेव्हा खपली ठोकली. खाली एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी चकाकणारी ओळ. बुलडोझरनं पातं उचललं, खडकाला लावलं, खडक हलला. जोड हलला नाही. आण्णा म्हणाले, "हंगाम तुमचा, जयवंतराव." नानांनी ओढ्यातूनच हात वर करून साडूला शाबासकी दिली, बैल सोडले, आणि गाडा उलट्या दिशेनं काढायला सुरुवात केली.

परतताना ट्रकमध्ये नाना म्हणाले, "तुज्या आयच्या तव्यानं आपला हंगाम खाल्ला की गं."

"आवं, मग काय करायचं हुतं? बसू द्यायची हुती रडत?"

"न्हाई, न्हाई. बरं केलंस." आणि लगेच झोपले. अशा माणसाबरोबर भांडायचं तरी कसं?

तो हंगाम आम्ही ट्रॉल्यांचे हूक जोडत काढला. तो मोठा सेट वर्कशॉपबाहेर उभा असायचा, त्याच्या गाड्याखाली कुत्री झोपायची. पुढं साखर कारखान्याच्या कामाला तो उपयोगी पडला, तिथं वाट सरळ होती. पण त्या वर्षी माणमधून बातम्या यायच्या त्या लहान सेटच्याच. जयवंतरावांनी अमक्या तलावावर यंत्राची बादली जोडली, तमक्या घळीत उतरून साखळी जोडली. शालनच्या कानात नवी फुलं आली. मला ती तिच्या कानात अतिशय शोभतात असं सांगावं लागलं. दर खंडेनवमीला तिचा निरोप यायचा, "रॉड बाजूला ठिवलं हाईत, पानी शिंपडलं न्हाई." मला वाटायचं, हे मला कशाला कळवते? शिकवलं कुणी हे मला माहीत आहे.

पुढं चार-पाच वर्षांनी आई गेली. तेराव्यानंतर आम्ही दोघी तिच्या वस्तू घेऊन बसलो. फार काही नव्हतंच. पितळी घागर, मण्यांची पोत, दोन लुगडी. मी मनात एकच गोष्ट धरून बसले होते. पण थोरली म्हणून आधी विचारायचं माझ्याकडं आलं, आणि मोठेपणा करायची माझी ती जुनी खोड. म्हटलं, "शालन, तुला काय पायजे त्ये आदी घे."

मला वाटलं पोत घेईल.

ती उठली, चुलीमागं गेली आणि तवा घेऊन आली. पदरानं पुसला. तसाच, सेट पुसला होता तसा.

"ह्यो एवढाच दे आक्का. बाकी समदं तुला."

"तवा? तुज्याकडं काय कमी तवं हाईत?" माझा हात तव्याकडं गेला होता, तो मी मागं घेतला.

"त्या दिसापासनं दर हंगामाला भाजती मी. निम्मं करपत्यात, निम्मं कच्चं ऱ्हात्यात. ह्ये हसत्यात मला. म्हनत्यात, आक्कांची सर न्हाई." तिनं मान वर केली नाही. "तुज्या हातात हाय गं ते. मला जळून जळून बी न्हाई आलं. निदान तवा तरी माज्याकडं असू दे."

मी म्हटलं, "ने." दुसरं काय म्हणणार? घागर, पोत, लुगडी सगळं माझ्याकडं आलं. पोत कधी घातली नाही. घागरीत छत्र्या ठेवल्या.

जीप दारात उभी होती, तेच फाटलेलं हिरवं कापड. शालन म्हणाली, "आक्का, चल की. दहिवडीपतूर सोडतो."

त्या दिवशी मी खरोखरच बसले असते. पण मागं बोचकी भरली होती, आणि पुढं शालन बसली, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तवा घेऊन, दोन्ही हातांनी धरून. पुढं तिसऱ्याला जागा नव्हती.

"नगं बाई," मी म्हणाले. "धूळ लागती मला."

जीप ओढ्याकडं वळली. मी हात हलवला आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले. त्या सीटवर मी जन्मात बसले नाही. आईचा तवा मात्र बसून साताऱ्याला गेला.